शिबिरातल्या ताई-दादांची चौकशी कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की कोल्हापुरात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. दसरा चौकापासून राजारामपुरीपर्यंत फलक लागतात, आपल्या दैनिकाच्या घडीतूनही रंगीत पत्रके घरात येतात, आणि त्यांत घोडेस्वारी, नेमबाजी, दोरीवरून दरी ओलांडणे, व्यक्तिमत्त्व विकास, संस्कार आणि घरगुती जेवण यांचे भरभरून वर्णन असते. मात्र आपली मुले दहा दिवस रात्रंदिवस ज्यांच्या हवाली होणार ते ताई आणि दादा कोण, त्यांना कोणी निवडले, ते दिवसाला किती तास जागे असतात आणि त्यांना काय मिळते, याविषयी त्या पत्रकांत अवाक्षर नसते आणि पालक म्हणून आपणही ते विचारत नाही. इंग्लंडमध्ये दोन उन्हाळे मी स्वतः अशीच ‘ताई’ म्हणून काम केले असल्यामुळे हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. पत्र थोडे लांबले तरी ते वाचकांपुढे यावे अशी विनंती आहे.

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. २०२२ मध्ये इंग्लंडमधील एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर मला ग्रॅज्युएट व्हिसावर तेथे दोन वर्षे राहता आले आणि २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांच्या जुलै-ऑगस्टमध्ये मी दक्षिण इंग्लंडमधील एका निवासी शाळेच्या आवारात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय समर स्कूलमध्ये हंगामी कर्मचारी होते. तेथील निवासी शाळा आणि विद्यापीठांची वसतिगृहे उन्हाळ्यात रिकामी पडतात. समर स्कूल चालवणाऱ्या संस्था ती भाड्याने घेतात आणि इटली, स्पेन, तुर्कस्तान, चीन, जपान, ब्राझील अशा देशांतून साधारण बारा ते सतरा वर्षांची मुले दोन-तीन आठवडे इंग्रजी शिकायला तेथे येऊन राहतात. सकाळी भाषेचे वर्ग, दुपारी खेळ आणि हस्तकला, संध्याकाळी प्रश्नमंजूषा, नाच किंवा मुलांचा कलाविष्कार, आणि आठवड्यातून एक-दोन सहली असा क्रम असतो. कायमस्वरूपी माणसे बोटांवर मोजण्याइतकी; शिक्षक, खेळ घेणारे ‘अ‍ॅक्टिव्हिटी लीडर’, वसतिगृहात मुलांच्या शेजारच्या खोलीत राहणारे ‘हाउस पेरेंट’ हे जवळपास सगळे सहा ते आठ आठवड्यांपुरते नेमलेले असतात. मी हे काम धरल्याचे कळवले तेव्हा आमच्या मामांनी फोनवर विचारले होते, “सुट्टीतली पोरं सांभाळायला एवढं इंग्लंडला जायचं व्हय?” त्यांच्या लेखी दीड महिन्याची नोकरी म्हणजे नोकरीच नव्हे. खरे सांगायचे तर तोवर मलाही तसेच वाटत होते.

तो समज अर्ज भरतानाच गळून पडला. दीड महिन्याच्या कामासाठी त्यांनी माझ्याकडे पूर्वी काम केलेल्या दोन ठिकाणांचे संदर्भ मागितले आणि त्या दोघांना स्वतः लिहून ‘ही व्यक्ती मुलांबरोबर काम करण्यास योग्य आहे का’ असे थेट विचारले. पदवीनंतर आठ महिने मी काहीच करत नव्हते, त्या आठ महिन्यांत मी कोठे होते याचाही खुलासा द्यावा लागला. गुन्हेगारी नोंदींची तेथील सविस्तर तपासणी झाली, आणि मी परदेशी असल्यामुळे भारतातील पोलिसांचे प्रमाणपत्रही लागले. ते भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मागवले, तेव्हा चौकशीसाठी पोलीस आमच्या घरी आले, आणि आईने घाबऱ्या आवाजात फोन केला, “तिकडं काय करून बसलीस?” तेव्हा या सगळ्याचा मला राग आला होता. पुढे पहिल्याच दिवसाच्या प्रशिक्षणात त्यामागचे कारण समजले. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहम या छोट्या गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला आणि खुनी गावातल्याच शाळेचा केअरटेकर निघाला. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात अनेक तक्रारी झालेल्या होत्या, परंतु त्याला कामावर घेताना त्या शाळेपर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्या प्रकरणाच्या चौकशीतून आजची तपासणीची व्यवस्था उभी राहिली. माझ्या आईची एक संध्याकाळ काळजीत गेली, त्यामागे एवढा इतिहास होता.

कामाचा दिवस सकाळी सातला मुलांना उठवण्यापासून सुरू होई. पंधरा वर्षांच्या मुलाला सुट्टीत सातला उठवणे हे कोणत्याही देशात सारखेच अवघड असते. इटलीची आणि स्पेनची मुले घरी रात्री नऊ-दहाला जेवणारी. त्यांना संध्याकाळी सहाला जेवायला बसवले की ती ताटात चिवडत बसत आणि रात्री दहाला भुकेने व्हरांड्यात फिरू लागत. कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कोणाला हलाल मांसच चालते, कोणी नव्यानेच शाकाहारी झालेले. या सगळ्यांची यादी स्वयंपाकघरात आणि आमच्या खिशात, दोन्हीकडे असे. मुले आली की पहिल्या चोवीस तासांत आगीचा सराव होई, आणि त्यानंतरही आठवड्यात एकदा तरी कोणीतरी बंद खोलीत डिओडरंटचा फवारा मारून मध्यरात्री धोक्याची घंटा वाजवी. मग शंभर-सव्वाशे मुले चादरी पांघरून हिरवळीवर उभी आणि आम्ही टॉर्चच्या उजेडात हजेरी घेतोय, असे दृश्य दिसे. फुटबॉलच्या मैदानावर मात्र मी कोणाला सूट देत नसे. पेठांच्या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर पाहत वाढलेल्या माणसाला पंच म्हणून उभे केले की तो ऑफसाइड सोडत नाही, आणि भारतातून आलेल्या बाईला फुटबॉल कळतो यावर तुर्की मुलांचा दोन दिवस विश्वास बसला नव्हता.

प्रशिक्षणातला जो नियम माझ्या सर्वाधिक अंगावर आला तो गुपिताविषयीचा होता. मूल विश्वासाने काही सांगू लागले आणि ‘कोणाला सांगणार नाही असे वचन द्या’ म्हणाले, तर ते वचन द्यायचे नाही. शांतपणे ऐकायचे, खोदून विचारायचे नाही, आणि नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे वेळेसह लिहून, खाली सही करून, मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या एका ठरावीक व्यक्तीच्या हातात द्यायचे. आपल्याकडे चांगल्या ताईचे लक्षण नेमके उलटे मानले जाते. ती पोटात ठेवते, घरच्यांना कळू देत नाही, ‘बाळा, हे आपल्या दोघींतच राहू दे’ म्हणते. दुसऱ्या वर्षी एका मुलीने मला रात्री दहाला असेच काही सांगितले. वचन देण्यास मी नकार दिला तेव्हा तिचा चेहरा पडला, तो मला अजून आठवतो. पण मी लिहून दिले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत योग्य माणसे तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी बोलली, आणि जे मला एकटीला पेलले नसते ते माझ्या खांद्यावरून उतरले. हा नियम मुलांइतकाच तेवीस-चोवीस वर्षांच्या हंगामी कर्मचाऱ्यालाही वाचवतो, हे मला त्या दुपारी कळले.

तेथे सगळे आलबेल होते असे मात्र मुळीच नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात आमच्यातील एक सहकारी काम सोडून गेला आणि व्यवस्थापकाने माझी साप्ताहिक सुट्टी ‘या वेळेपुरती’ रद्द केली. दुसऱ्या आठवड्याची सुट्टी आधीच विमानतळावर मुलांना घ्यायला जाण्यात गेली होती. अशा रीतीने सलग तेराव्या दिवशी मी तीस मुलांना घेऊन लंडनच्या सहलीला गेले. सोबत आणखी एक लीडर आणि मुलांबरोबर इटलीहून आलेल्या एक शिक्षिका होत्या, म्हणजे दहा मुलांमागे एक मोठे माणूस. तेथील एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था तेरा ते अठरा वयोगटासाठी हेच प्रमाण सुचवते. दुपारी तासभर मुलांना तीन-तीनच्या गटांनी मोकळे सोडले होते, प्रत्येकाच्या खिशात आमच्या चोवीस तास चालू असलेल्या फोनचे कार्ड होते, आणि साडेतीनला ट्राफल्गार चौकात नॅशनल गॅलरीच्या पायऱ्यांशी जमायचे ठरले होते. साडेतीनला मी डोकी मोजली, तीस भरली, आणि कागदावर तीसचा आकडा घातला. माझ्या सहकाऱ्याने मोजली तर एकोणतीस. नियम असा होता की दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे आणि आकडे जुळल्याशिवाय जागा सोडायची नाही. आम्ही पुन्हा मोजले, एकोणतीसच. डोळ्यांवर झापड असताना मी एका मुलीला दोनदा मोजले होते. उरलेला मुलगा शेजारच्या रस्त्यावरच्या दुकानात पैसे देण्याच्या रांगेत सापडला. त्याचे दोन सोबती त्याला तेथेच सोडून पुढे आले होते. सगळे मिळून सतरा मिनिटांचा प्रकार. परंतु मोजणारी मी एकटी असते तर बस निघाली असती आणि परक्या देशातला पंधरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये राहिला असता. त्या रात्री मी व्यवस्थापकाला दोन परिच्छेदांचे पत्र लिहिले. माझ्या करारपत्रात आठवड्याला चोवीस तासांची सलग सुट्टी लिहिलेली होती, त्यामुळे मला भांडावे लागले नाही, केवळ त्या कलमाकडे बोट दाखवावे लागले. पुढच्या दोन दिवसांत सुट्टी मिळाली आणि एक बदली माणूस आला. करार तोंडी असता तर मी काय दाखवले असते?

पगाराचेही असेच होते. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरील कामगारासाठी किमान वेतन ताशी ११.४४ पौंड होते. राहण्याची सोय मालकाने केली असेल तर त्यापोटी दिवसाला जास्तीत जास्त ९.९९ पौंड हिशेबात धरता येत, जेवणापोटी काहीच धरता येत नसे. म्हणजे आठवड्याला ४८ तासांचे ५४९.१२ पौंड, त्यातून राहण्याचे ६९.९३ वजा जाता ४७९.१९ पौंड ही माझी किमान कमाई, कर वेगळा. रात्री मुलांच्या इमारतीत झोपण्याचे तास यात येत नाहीत. झोप मोडून काम करावे लागले तर तेवढा वेळ मात्र धरावा लागतो. दीड महिन्याच्या नोकरीतही पगारी रजा साठते आणि तिचे पैसे शेवटच्या पगारात मिळतात. काही संस्था ‘आठवड्याला अमुक पौंड, राहणे-जेवण फुकट’ अशी गोल रक्कम सांगतात आणि तासांचा हिशेब करू गेले तर ती किमान वेतनाखाली जाते, असे अनुभव माझ्या सहकाऱ्यांनीही सांगितले. फरक इतकाच की तेथे हिशेब करता येतो, कारण तास लिहिलेले असतात.

हा आकडा वाचून एखादा विद्यार्थी उद्याच बॅग भरेल म्हणून थोडे विषयांतर करते, कारण गेल्या वर्षी माझ्याच एका माजी विद्यार्थ्याकडून शहरातल्या एका एजंटाने ‘समर स्कूलचा सीझनल वर्कर व्हिसा’ काढून देतो म्हणून दीड लाख रुपये मागितले होते. ब्रिटनचा सीझनल वर्कर व्हिसा फळे, भाज्या, फुले यांच्या शेतीसाठी आणि नाताळापूर्वीच्या कोंबडी-टर्कीच्या कामासाठी आहे, शाळांसाठी नाही. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर पदवीचा विद्यार्थी सुट्टीत पूर्ण वेळ काम करू शकतो, परंतु एक वर्षाच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यासाठी उन्हाळा हा प्रबंधाचा काळ, म्हणजे सत्रच धरला जातो आणि आठवड्याला वीस तासांची मर्यादा कायम राहते; २०२२ चा उन्हाळा मी याच कारणाने वाया घालवला. भारतीय तरुणांसाठी २०२३ पासून ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना आहे, १८ ते ३० वर्षांचे पदवीधर तिच्यात बसतात, वर्षाला ३,००० जागा असतात, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात, आणि नावे सोडतीने निघतात. त्या सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. ब्रिटनमध्ये काम शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेणेच १९७३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि आपल्याकडेही परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडील नोंदणी लागते, सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने नोंदणी क्रमांक विचारल्यावर एजंटाने फोन उचलणे बंद केले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गेल्या मे महिन्यात माझी भाची शहरापासून तासाभराच्या अंतरावरील एका निवासी शिबिराला गेली होती. शेवटच्या दिवशी तिला आणायला गेले तेव्हा तिचा आवडता ‘दादा’ भेटला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, एकोणीस वर्षांचा, हसतमुख मुलगा. भाचीची बॅग गाडीत ठेवताना त्याचे डोळे मिटत होते. मी सहज विचारत गेले आणि तो सांगत गेला. अकरा ते पंधरा वर्षांची साठ मुले आणि सहा ताई-दादा. कागदावर हेही दहास एकच. परंतु त्यातले दोघे सतत सामान आणण्यात आणि आचाऱ्याच्या मदतीत. नदीवर नेताना पंचवीस मुलांमागे दोघे, त्यातल्या एकाला पोहता येत नव्हते. दहा दिवसांचे तीन हजार रुपये मानधन आणि एक प्रमाणपत्र. नियुक्तिपत्र नाही, ओळखपत्राची झेरॉक्ससुद्धा कोणी घेतली नव्हती. मित्राच्या मित्राने फोन केला आणि तो आला. “ताई, चार रात्री नीट झोप न्हाई,” तो म्हणाला, “पण पोरं खूश हायत बघा.” पोरे खूश होती हे खरेच. घरी येताना भाची गाडीत गाणी म्हणत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे ट्राफल्गार चौकातला माझा तीसचा आकडा येत होता.

येथे एक जुनी घटना सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण माझ्या प्रशिक्षणात ती सांगितली गेली होती आणि ती कर्मचाऱ्यांविषयीच आहे. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात कयाक चालवायला गेलेले चार किशोरवयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. ज्या केंद्राने त्यांना नेले होते तेथील प्रशिक्षकांकडे समुद्रावर गट नेण्याइतका अनुभव नव्हता. चौकशीत उघड झाले की आदल्या वर्षी काम सोडून गेलेल्या दोन प्रशिक्षकांनी व्यवस्थापनाला पत्र लिहून, येथील सुरक्षिततेकडे लक्ष द्या, असे स्पष्ट बजावले होते. पत्र मिळाले होते. केले काही नव्हते. कंपनीचा संचालक तुरुंगात गेला, कंपनी दोषी ठरली, आणि १९९५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. धोका पहिल्यांदा दिसतो तो मैदानावर, पाण्यात आणि व्हरांड्यात असलेल्या त्या हंगामी पोरांना. आपल्याकडे तो दिसला तरी तीन हजारांच्या मानधनावर आलेला दादा तो कोणाला आणि कशाच्या जोरावर सांगणार? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हा काही दिवस सगळीकडे चर्चा झाली आणि परिपत्रके निघाली. पुढचे उन्हाळे पूर्वीसारखेच आले.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. पोक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार मुले राहतात किंवा मुलांशी नियमित संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो वा क्रीडा अकादमी, शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या, कायम आणि कंत्राटी अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. दहा दिवसांच्या शिबिराला यातून सूट मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. माझ्या भाचीच्या दादाला हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही, आणि उद्या एखाद्या मुलीने त्याला ‘कोणाला सांगू नका’ म्हणून काही सांगितले तर तो चांगुलपणानेच स्वतःला आणि तिलाही अडचणीत आणेल. दोरीवरून दरी ओलांडणे, कयाक, गिर्यारोहण यांसाठी राज्य शासनाचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण आहे आणि त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पावसाळ्यातील पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला दरवर्षी जाणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या पाहता, आणि जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेल्यानंतर तिकडे वाढणारी वर्दळ पाहता, ही नोंदणी कोणाकोणाकडे आहे हे जिल्हा प्रशासनाने एकदा जाहीर करावे.

यावर शिबीरचालकांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण त्यांतील काही माझे मित्र आहेत. इंग्लंडच्या समर स्कूलचे शुल्क दोन आठवड्यांना लाखांत असते, आमचे काही हजारांत. तेवढ्यात आम्ही मुलांना चार वेळा खाऊ घालतो, डोंगर दाखवतो, आणि वर करारपत्रे, पडताळण्या, दोन-दोन वेळा मोजणी कोठून करू, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यांची शिबिरे मला तिकडच्यापेक्षा काही बाबतींत सरस वाटतात. आमच्या समर स्कूलमध्ये कोणत्याही मुलाने स्वतःचे ताट धुतल्याचे मी पाहिले नाही. येथे दुसऱ्या दिवसापासून साठ मुले नळावर रांगेत ताटे घासतात आणि भातावरची आमटी कितव्यांदा वाढायची हे आचारी मुलाच्या तोंडाकडे बघून ठरवतो. परंतु मी जे मागते आहे त्यातले बरेचसे फुकट आहे. दोन माणसांनी वेगवेगळे मोजायला पैसे पडत नाहीत. एका पानाचे नियुक्तिपत्र, त्यावर कामाचे तास आणि मानधन, याला झेरॉक्सचा खर्च येतो. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज मार्चमध्ये केला तर मे महिन्यापर्यंत हाती येण्यास हरकत नसावी. खर्च येतो तो एकाच गोष्टीला: दहा दिवसांत प्रत्येक ताई-दादाला एक पूर्ण दिवस सुट्टी आणि रोज सात तास सलग झोप द्यायची तर सहाच्या जागी आठ माणसे लागतील. साठ मुलांत तो वाटला तर प्रत्येक पालकाच्या वाट्याला काही शे रुपये येतील. घोडेस्वारीची एक फेरी कमी करून तो भागवता आला तरी माझी हरकत नाही.

दुसऱ्याची मुले आपल्या छपराखाली सांभाळणे हे कोल्हापूरला नवे नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडल्यापासून १९०८ च्या मिस क्लार्क बोर्डिंगपर्यंत आणि पुढेही राजर्षी शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी या शहरात वसतिगृहे उभी केली, तेव्हा खेड्यांतल्या आई-बापांनी आपली मुले केवळ इमारत पाहून तेथे ठेवली नव्हती. आत त्यांच्याकडे बघणारे कोण आहे याची त्यांना खात्री वाटली होती. आजच्या पालकाला तशी खात्री करून घेण्याची संधी फार तर शुल्क भरताना एकदा मिळते, आणि त्या वेळी आपण विचारतो ते एसी आहे का आणि मोबाइल देता येईल का एवढेच.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, निवासी शिबिरे घेणाऱ्यांकडून ताई-दादांच्या नावांची यादी, त्यांच्या पडताळणीची स्थिती आणि पाण्याजवळ नेताना पोहता येणारी किती माणसे असतील हा आकडा मागवावा. आणि आपल्या दैनिकाने शिबिराची जाहिरात स्वीकारताना तिच्यात एक ओळ अनिवार्य करावी: किती मुलांमागे किती प्रशिक्षक, आणि त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे की नाही. माझी भाची यंदाही त्याच शिबिराला जायचे म्हणते आहे. तो दादाही पुन्हा येणार आहे, असे तिने त्याच्याकडूनच कळवून घेतले आहे. त्याने या वेळी नियुक्तिपत्र मागावे असा निरोप मी तिच्याकरवी दिला आहे.

आपली नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये. नावावरून शिबीर ओळखले जाईल आणि बोलणी त्या मुलाला खावी लागतील.)